सरकारी प्राथमिक शाळेत आता कोण बसतं?

पाटीपेन्सिल

जून उजाडला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास येतात. कुठल्या सरकारी शाळेत पहिलीला एकही मूल आलं नाही ही एक, आणि मराठी-कोकणी-इंग्रजी माध्यमाचा वाद ही दुसरी. दोन्हींवर आपण सगळे हिरिरीने बोलतो. पण या शाळांत जी मुलं प्रत्यक्षात येतात ती कोणाची, वर्गात त्यांच्याशी कसं वागलं जातं, यावर बोलणं होत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

मी उत्तर गोव्यात, बार्देशात, सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं उत्तर कर्नाटकातून आलेल्या लमाणी कुटुंबांची आहेत. बाकीची झारखंड-ओडिशाकडची, एखाद-दुसरं नेपाळी, आणि काही गावातलीच पण हातावर पोट असलेल्या घरांतली. गावातल्या बऱ्या परिस्थितीतल्या घरचं एकही मूल आमच्याकडे नाही. त्यांतली काही चर्चच्या इंग्रजी शाळेत जातात, काही अनुदानित संस्थेच्या प्राथमिक वर्गांत. त्या संस्थेची बालरथ बस वाड्यावर येते. एकाच गावातली सहा वर्षांची पोरं सकाळी घरातून निघतात ती तीन वेगळ्या वाटांनी, आणि कोणी कुठल्या वाटेने जायचं हे धर्म, जात आणि बापाची मिळकत यांवरून आधीच ठरलेलं असतं.

गोव्यात पूर्वी असं नव्हतं, निदान इतकं नव्हतं. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाटी आली नव्हती त्या घरांतली मुलं शिकली. बऱ्याच गावांत मुंडकाराचा (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याचा) मुलगा आणि भाटकाराचा (जमीनदाराचा) मुलगा एका वर्गात बसले. गोव्याच्या बहुजन समाजाच्या दोन पिढ्या या शाळांनी उभ्या केल्या, हे मी आदराने लिहिते आहे.

पुढे १९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर फक्त प्रादेशिक भाषांतल्या शाळांना अनुदान देण्याचं धोरण आलं आणि चर्चच्या बऱ्याच शाळांनी कोकणी माध्यम घेतलं. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. मातृभाषा माध्यमाच्या बाजूचा भारतीय भाषा सुरक्षा मंच त्याविरोधात रस्त्यावर उतरला. २०१२ मध्ये सरकार बदललं, तरी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालू राहिलं. हा इतिहास इथल्या बहुतेकांना पाठ आहे.

मी स्वतः मातृभाषेतून शिक्षणाच्या ठाम बाजूची आहे. पण तीसेक वर्षं चाललेल्या या भांडणात ‘मातृभाषा’ म्हणताना माझ्या वर्गातल्या मुलांची मातृभाषा कोणाच्याच हिशेबात नव्हती, हे मला रोज दिसतं.

पहिलीतली एक मुलगी सांगते. घरी लमाण्यांची गोरबोली. शेजारच्या खोल्यांत कन्नड. आई किनाऱ्यावर माळा विकते तिथे हिंदी. शाळेच्या अंगणात कोकणी. आणि फळ्यावर मराठी. दिवाळीच्या तोंडावर शाळेत आली आणि कित्येक दिवस वर्गात एक शब्द बोलली नाही. एकदा मधल्या सुट्टीत तिसरीतला तिचा भाऊ आला, तिच्याशी काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, “टीचर, तिका बाटली उगडूंक येना.” बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं. पोर सकाळपासून तहानलेली होती आणि ते सांगायला तिच्याकडे माझी भाषा नव्हती. तिच्या शेजारी बसलेल्या मुलांनाही तिला विचारता आलं नसतं. त्या दिवसापासून मी भावाचं दप्तर अर्धा तास पहिलीच्या रांगेत ठेवायला सांगितलं. मी म्हणते ते तो तिला सांगतो, ती म्हणते ते मला सांगतो. चार भाषांतून ये-जा करणारा हा मुलगा ज्या शाळेतून आमच्याकडे आला, तिथल्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘मंदगती’ असा शेरा आहे.

दुसरी गोष्ट हजेरीपटाची. कर्नाटकातून आलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या कागदांवर आडनावाच्या जागी ‘लमाणी’ असंच लिहिलेलं असतं. वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की आपण आडनावाने हाक मारतो. म्हणजे दिवसातून दहा वेळा त्या मुलाला जातीने हाक मारली जाते, आणि बाकीची मुलं तेच उचलतात. अंगणात त्याच्या जोडीला ‘घांटी’ हे हिणवणंही असतंच. माझ्या वर्गात आडनावाने हाक मारायची नाही असा नियम केला आहे. दोन सारखी नावं असतील तर आईचं नाव जोडतो. एवढ्याने जग बदलत नाही, पण हाकेला ‘हजर’ म्हणताना मुलाची मान खाली जात नाही.

आणि तिसरी, जी धोरण ठरवणाऱ्यांनी ऐकावी असं मला फार वाटतं. किनारपट्टीवर कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पाऊस लागला की यांतली बरीच कुटुंबं गावी जातात, पेरणीला. म्हणजे आपण ज्या जूनमध्ये प्रवेश, पुस्तकं, गणवेश वाटतो, त्याच जूनमध्ये ही मुलं गोव्यात नसतात. परत येतात तेव्हा पुस्तकं संपलेली, पटसंख्या वर कळवून झालेली. पटावर मूल नाही म्हणून शिक्षक कमी, शिक्षक एकच म्हणून पालक नाखूश, पालक नाखूश म्हणून पट आणखी कमी. शाळा बंद करायची की शेजारच्या शाळेत विलीन करायची, हा निर्णय अशा पटावरून होतो.

तुमच्या गावातल्या शाळेत काय चित्र आहे? शिक्षक, पालक, संस्थाचालक, सगळ्यांनी लिहावं अशी विनंती.

वेळूबन

टीचर, तुम्ही किनाऱ्याकडचं लिहिलंत, मी डोंगराकडचं लिहितो. मी काणकोणचा, वेळीप समाजातला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. मुक्तीनंतर चार दशकं उलटल्यावर. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत आम्ही दहा टक्क्यांच्या थोडे वर आहोत. दर्जा मिळाल्यावर शिष्यवृत्त्या आल्या, राखीव जागा आल्या, पुढे शिकणाऱ्यांना त्याचा खराखुरा उपयोग झाला. माझं स्वतःचं कॉलेज त्यावर झालं. धनगर-गवळी बांधव अजून त्या यादीबाहेर आहेत, हेही इथे लिहून ठेवतो.

पण तुम्ही विचारताय ते वर्गातलं. आमच्याकडे चौथीपर्यंत गावातल्या शाळेत मराठी किंवा कोकणी. पाचवीला हायस्कूल आणि हायस्कूलात एकदम इंग्रजी. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत. ज्याच्या घरी शिकवायला कोणी आहे किंवा शिकवणी लावायला पैसे आहेत तो दिवाळीपर्यंत सावरतो. बाकीचे मागच्या बाकावर गप्प बसतात. आठवीपर्यंत कसेबसे पुढे सरकतात आणि नववीत नापास होतात. आमच्या वाड्यावरचे जे कोणी शाळेतून सुटले ते जवळपास सगळे नववीत सुटले. त्यांची गळती पाचवीत सुरू झाली होती, कागदावर ती नववीत दिसते.

भाषा मराठी की कोकणी यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना माझं सांगणं आहे की पाठ्यपुस्तकातली कोकणीही आमच्या घरची नव्हे आणि मराठी तर नव्हेच. मी लहानपणी “आमगेर” (आमच्या घरी) म्हटलं की वर्ग हसायचा.

आणखी एक. शाळेच्या गॅदरिंगला आमचा समाज हमखास दिसतो, कुणबी साडी नेसून, फुगडी-धालो घालताना. त्याचा मला अभिमानच आहे. पण वर्षाचे बाकीचे दिवस? माझ्या आजीला पावसाळ्यातल्या रानभाज्या कधी उगवतात, कुठल्या खायच्या आणि कुठल्या नाही, अळमी (अळंबी) कुठल्या वारुळापाशी येतात आणि विषारी कशा ओळखायच्या, सगळं माहीत होतं. परिसर अभ्यासाच्या तासाला तिला शाळेत बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही. तायकिळो आणि कुड्डूक आम्ही घरी खायचो आणि पुस्तकात पालक-मेथी पाठ करायचो. शाळेने एकदा जरी त्या आजीला खुर्ची देऊन वर्गापुढे बसवलं असतं, तरी मागच्या बाकावरच्या आमच्यापैकी किती जणांचा कणा ताठ झाला असता!

सांतइनेज

धागा चांगला आहे, पण मला सगळं पटलेलं नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

गोवा लहान राज्य आहे. इथल्या सरकारी शाळा गोंयकारांच्या पैशांतून चालतात. स्थानिक गरीब मुलांना, वेळूबन लिहितात त्या मुलांना, आधी पुरेसं द्या. जी कुटुंबं अर्धं वर्ष इथे आणि अर्धं वर्ष तिथे, त्यांच्या मुलांसाठी गोव्याने दुभाषे नेमावेत, प्रवेशाचं वेळापत्रक बदलावं, ही अपेक्षा जास्त होते. शिवाय एकशिक्षकी शाळेत एक बाई चार इयत्ता सांभाळतात. त्यात पाच भाषा आल्या तर शिकवणार काय? याचा फटका त्याच वर्गातल्या गोंयकार मुलाला बसतो, आणि मग त्याचा बाप त्याला तिथून काढतो. त्या बापाला जातीयवादी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

खारीवाडा

सांतइनेज, तुमचा एकशिक्षकी शाळेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. बाकीच्याबद्दल थोडं लिहितो. मी वास्कोत राहतो, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो.

शिक्षण हा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क आहे, घटनेचं कलम २१-अ. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्यात पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याची अट कुठेही नाही. ती अट नोकऱ्या आणि योजनांसाठी आहे, पहिलीच्या बाकासाठी नाही. आणि ही माणसं फुकट आलेली नाहीत. आपल्या इमारतींचा गिलावा, रस्त्याचं खोदकाम, खारीवाड्याच्या जेटीवरचे ट्रॉलर, हॉटेलांची धुणीभांडी, सगळं त्यांच्या अंगावर चाललं आहे. ती खरेदी करतात त्यावर करही भरतात.

आता कागदाची एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत येतात. महाराष्ट्रात विमुक्त जातीत. तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमातीत. आणि गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत मुळात पाचच नावं आहेत, १९६८ च्या आदेशापासूनची, त्यात लमाणी नाहीत. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे बाप कर्नाटकात अनुसूचित जातीचा, आणि त्याचा वास्कोत जन्मलेला, इथेच वाढलेला मुलगा गोव्यात अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरू शकत नाही. यादी बदलणं संसदेच्या हातात आहे, शाळेच्या नाही. पण अंगणात त्याला जात चिकटलेली आहे आणि अर्जावर ती नाही, ही स्थिती निदान शिक्षकांना माहीत असायला हवी. ‘यांना सगळं फुकट मिळतं’ असं स्टाफरूममध्ये बोललं जातं, ते खोटं आहे.

इथल्याच, वास्कोतल्या बायण्याच्या किनाऱ्यावरची वस्ती २००४ च्या जूनमध्ये पाडली. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. ज्यांची घरं गेली त्यांत शाळेत जाणारी मुलं होती. तेव्हा शाळेतून सुटलेली काही मुलं आज बाप झाली आहेत आणि स्वतःच्या मुलांना माझ्याकडे हात धरून आणून बसवतात.

हळदोण्याची

मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि घराजवळची मराठी शाळा ओलांडून जाते.

कारण वेळूबन यांनी लिहिलंच आहे. मी त्याच पाचवीतून गेले आहे. चौथीत पहिली आलेली मी पाचवीत गणितात नापास झाले, कारण ‘डिव्हाइड’ म्हणजे काय हेच कळत नव्हतं. भागाकार मला येत होता. ते वर्ष मी विसरू शकत नाही आणि माझ्या मुलीला त्यातून न्यायची माझी तयारी नाही. त्यामागे जात नव्हती, लमाणी मुलं नव्हती. पाचवीपासून सगळं इंग्रजीतच होणार असेल तर पालक पहिलीपासूनच त्या वाटेला लागतात, यात कोणाला नवल वाटायला नको.

पण पाटीपेन्सिल ताई, तुमचं वाचून एक गोष्ट मनाला लागली. माझ्या मुलीच्या वर्गात एकही लमाणी मूल नाही, एकही वेळीप मूल नाही, चाकाच्या खुर्चीवरचं एकही मूल नाही. तिला ही मुलं फक्त सिग्नलवर किंवा बाजारात दिसतात. ती मोठी होऊन त्यांच्याबद्दल काय विचार करेल याची काळजी मला आता वाटते आहे. शाळा बदलणं मला शक्य नाही. गावातल्या सरकारी शाळेसाठी पालक काय करू शकतात ते सांगा. शनिवारी मला वेळ असतो.

निळीशाई

हळदोण्याची यांनी चाकाच्या खुर्चीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मी विशेष शिक्षिका आहे, समग्र शिक्षा अभियानात. एकाहून जास्त शाळा पाहते, म्हणजे एका शाळेत आठवड्यातला थोडाच वेळ.

कायदा आपल्याकडे चांगला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, अध्ययन अक्षमताही त्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, घराजवळच्या साध्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. निवड पालकांची. गोव्यात पर्वरीचं संजय सेंटर, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान अशा संस्थांनी साधी शाळा दार उघडत नव्हती त्या काळापासून काम केलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा मी माझ्या दोन मुलांना घेऊन गेले होते. त्यांनी स्वतःसारखी इतकी माणसं एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. परत येताना बसमध्ये अखंड बोलत होती.

पण रोजची शाळा? रॅम्प असतो. त्याच्या तोंडाशी शिक्षकांच्या दुचाक्या लावलेल्या असतात. शौचालयाला एक पायरी असते, एकच, आणि त्या एका पायरीपायी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं की ते लगेच म्हणतात, “अर्ज पाठवला आहे.” पायरीला लाकडी उतरण करायला गावातल्या सुताराला अर्धा दिवस पुरतो. एका शाळेत पालक-शिक्षक संघाने ती करून घेतली. हळदोण्याची, शनिवारी काय करू शकतो असं विचारलंत ना, इथून सुरुवात करा. शाळेत जा आणि शौचालयाची पायरी पाहा.

अध्ययन अक्षमतेचं दुखणं वेगळं आहे. मंडळाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, इतरही सवलती मिळतात. पालक प्रमाणपत्रासाठी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावतात ते मूल नववीत गेल्यावर. अहो, त्याला अक्षरं जुळत नाहीत हे दुसरीत दिसलं होतं! दुसरीत त्याच्याबरोबर रोज वीस मिनिटं बसणारं कोणी असतं तर दहावीला लेखनिकाची गरज कदाचित कमी पडली असती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. ते प्रमाण वर्गापर्यंत पोचलं तरच ती वीस मिनिटं मिळतील.

आणि आता या धाग्याशी थेट जोडलेली गोष्ट. पाटीपेन्सिल, तुम्ही त्या मुलाच्या ‘मंदगती’ शेऱ्याबद्दल लिहिलंत. मला दोन्ही बाजूंच्या चुका दिसतात. ज्या मुलाला मराठी येत नाही त्याची चाचणी मराठीत घेतली तर ते मंद ठरतं. आणि ज्या लमाणी किंवा झारखंडी मुलाला खरोखर ऐकू कमी येतं, त्याच्याबद्दल ‘भाषेचा प्रश्न आहे, शिकेल हळूहळू’ असं म्हणून दोन वर्षं जातात. कोणी कान तपासत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी आली, तिच्या आईला कधीपासून संशय होता, पण आईशी बोलायला शाळेत कोणाला कन्नड येत नव्हतं. शेवटी वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेने दुभाषाचं काम केलं. आज त्या मुलीच्या कानात यंत्र आहे आणि ती पहिल्या बाकावर बसते. म्हणून मी सगळ्या शिक्षकांना कळकळीने सांगते, मुलाची पारख करायची तर आधी त्याच्या घरच्या भाषेत कोणाकडून तरी दोन वाक्यं बोलून घ्या.

सांतइनेज

निळीशाई, हे वाचून माझ्या मनात थोडी चलबिचल झाली आहे. स्थानिकांना प्राधान्य हे माझं मत कायम आहे. पण कान न तपासता दोन वर्षं जाणं कुठल्याच मुलाच्या बाबतीत होऊ नये. अंगणवाडी सेविकेला दुभाषी म्हणून घेता येत असेल तर त्याला नवी भरतीही लागत नाही, हे मला पटलं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी उत्तरं देते.

सांतइनेज, तुमच्या मताला माझा विरोध आहे, पण तुम्ही उघड लिहिलंत हे बरं केलंत, कारण हेच मत पालकसभेत दबक्या आवाजात फिरत असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही. स्थानिक गरीब आणि बाहेरून आलेला गरीब एकमेकांच्या वाट्याचं खातात असं आपण धरून चालतो. माझ्या वर्गात मी उलटं पाहते. शाळेत दुसरी शिक्षिका टिकून आहे ती या मुलांच्या पटामुळे. गावातली जी चार-पाच घरं शाळेला धरून आहेत त्यांच्या मुलांना ती शिक्षिका मिळते. लमाणी मुलं नसती तर आमची शाळा केव्हाच विलीन झाली असती आणि त्या चार-पाच मुलांना दुसऱ्या गावी जावं लागलं असतं, तेही बालरथाशिवाय, कारण ती बस अनुदानित संस्थेची आहे. सत्तरीत आणि सांग्यात वाड्यावाड्यांतलं अंतर किती आणि पावसात त्या वाटा कशा असतात हे तिथल्यांना विचारा.

वेळूबन, आजीला वर्गात बोलवण्याची गोष्ट मी लवकरच करणार आहे. आमच्याकडे तुमची आजी नाही, पण मुलांच्या आया आहेत. त्या जोंधळ्याच्या भाकरी थापतात, आरसे लावून कशिदा काढतात. कशिद्यात भूमिती शिकवायला पुस्तक लागत नाही. पण मी ते गॅदरिंगला ठेवणार नाही, गणिताच्या तासाला ठेवणार आहे. तुमचा मुद्दा मला नीट समजला आहे.

पाचवीच्या उडीबद्दल हळदोण्याची आणि वेळूबन दोघांनी लिहिलं. मला वाटतं गोव्यातल्या सगळ्या माध्यमवाद्यांनी एकत्र बसून या एका वर्षाचा विचार केला तर निम्मा वाद विझेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. आपल्याकडे चौथीनंतर शाळाच बदलते, इमारत बदलते, शिक्षक बदलतात आणि भाषाही, सगळं एकाच जूनमध्ये. चौथीच्या शेवटच्या सहामाहीत गणिताचे शब्द दोन्ही भाषांत आणि पाचवीच्या पहिल्या सहामाहीत दोन्ही भाषांतून समजावणं, एवढं तरी करायला परवानगीची वाट पाहावी लागत नाही. आमच्या जवळच्या हायस्कूलातल्या गणिताच्या सरांशी मी बोलले आहे. ते तयार आहेत.

हळदोण्याची, शनिवारी या. पायरी तर पाहूच, पण त्याहून मला माणूस हवा आहे तो गोष्टी वाचून दाखवायला. मुलीलाही घेऊन या.

अबोली

हा धागा वाचते आहे आणि एक तातडीचा प्रश्न आहे. आमच्या इमारतीच्या राखणदाराचं कुटुंब नेपाळचं. त्यांची नऊ वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेलेली नाही, धाकट्या भावाला सांभाळते. आईला घेऊन मी जवळच्या शाळेत गेले तर जन्मदाखला नाही, आधार नाही, आणि आता नोव्हेंबर आहे, जूनमध्ये या असं सांगितलं. काय करावं?

खारीवाडा

अबोली ताई, परत जा आणि लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो.

वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४. वयाबद्दल आई-वडिलांनी लिहून दिलेलं चालतं. मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही, कलम १५. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, कलम ४. चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत मोफत शिक्षणाचा तिचा हक्क राहतो, हेही त्याच कलमात. अर्जात ही तीन कलमं लिहा, दोन प्रती करा, एका प्रतीवर पोच घ्या. तरी नाही म्हणाले तर पोच घेऊन तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात. मी आजवर जितक्यांबरोबर गेलो, बहुतेक वेळा पोच मागितल्यावरच काम झालं.

पाटीपेन्सिल

खारीवाडा यांनी सगळं बरोबर सांगितलं आहे, त्यात थोडी भर. नऊ वर्षं म्हणजे वयाने चौथी. तिला चौथीत बसवतील आणि जूनमध्ये ती पाचवीला, म्हणजे हायस्कूलात. पाटी न धरलेल्या मुलीला सहा-सात महिन्यांत ते झेपणार नाही. म्हणून जास्तीच्या शिकवणीची मागणी त्याच अर्जात आजच लिहा, प्रवेश झाल्यावर पाहू असं म्हणू नका.

आणि धाकट्या भावाला अंगणवाडीत घाला, त्याच दिवशी. तो घरी राहिला तर आठवड्याभरात ताई पुन्हा घरी बसेल. अंगणवाडी शाळेच्याच आवारात असेल तर दोघांना एकदम सोडता येईल.

अबोली

दोघांनाही धन्यवाद. अर्ज लिहिते आहे. अंगणवाडी शाळेच्या मागेच आहे, आत्ता बाहेर जाऊन पाहून आले. तिच्या आईला विचारलं, ती सोमवारी कामावर उशिरा जाणार आहे. शाळेत किती वाजता गेलेलं बरं?

पाटीपेन्सिल

शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी. घंटा झाली की मुख्याध्यापक वर्गावर जातात आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत भेट होत नाही. मुलीलाही बरोबर न्या.